करुक भाषेतलं ‘इक्रिव्’: मराठीत ‘बसणे’ लिहायचं की ‘राहणे’?

(करुक-मराठी शब्दयादीत या क्रियापदापुढे पहिला अर्थ कोणता द्यायचा, यावरची चर्चा. प्रत्येक प्रतिसादाच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

उंबरठा
उत्तर कॅलिफोर्नियात क्लॅमथ नदीच्या काठी करुक लोकांची भाषा आहे. ‘करुक’ म्हणजे नदीच्या वरच्या अंगाला. खालच्या अंगाला ‘युरुक’, आणि शेजारच्या युरोक लोकांचं नाव त्यावरूनच पडलं. भाषाशास्त्रज्ञ विल्यम ब्राइट यांचं करुक व्याकरण १९५७ चं, त्यांचा आणि सुसान गेर यांचा कोश २००५ चा.

मुद्दा ‘इक्रिव्’ या क्रियापदाचा. इंग्रजीतून अर्थ उचलणारे त्यापुढे ‘राहणे’ लिहून मोकळे होतात. पहिला अर्थ ‘बसणे’ हवा. पुरावा साधित शब्दांत आहे. ‘-किर’ हा साधन दाखवणारा प्रत्यय: ज्याने, ज्यावर. इक्रिव् + किर = इक्रिव्‌किर, म्हणजे बसायचं आसन, स्टूल. मूळ अर्थ ‘राहणे’ धरला तर ‘ज्यावर राहतात ते’ असं काहीतरी हाती येतं, आणि स्टुलावर कुणी राहत नाही. शिवाय ‘खाली’ दाखवणारा ‘-इश्’ लावला की ‘खाली बसणे’ होतं. ‘खाली राहणे’ नाही.

तळटीप
एका स्टुलावर एवढा डोलारा उभारू नका. त्याच धातूला जागा दाखवणारा ‘-राम’ लावला की ‘इक्रिव्‌राम’ होतं, त्याचा अर्थ घर. आता ‘जिथे बसतात ते’ म्हणजे घर म्हणणार का?

दुसरं, या क्रियापदाला संख्येप्रमाणे वेगवेगळे धातू आहेत. एकासाठी ‘इक्रिव्’, दोघांसाठी ‘ईन्’, अनेकांसाठी ‘अराराहि’. शेवटचा शब्द फोडून बघा: ‘अरारा’ म्हणजे माणूस, त्याला क्रियापद करणारा ‘-हि’. त्यात बुड टेकण्याचा कुठे मागमूस आहे? माणसं असणं, वस्ती असणं एवढंच आहे. तिन्ही एकाच खणात बसवायचे तर समान अर्थ ‘राहणे’ हाच निघतो.

तिसरं म्हणजे कथांची सुरुवात. ‘उक्री’ (‘इक्रिव्’चंच ‘तो’ जोडलेलं रूप) म्हणून जिथे पात्राची ओळख होते तिथे ‘तो बसला होता’ लिहिलंत तर मराठी वाचक पुढे तो उठेल याची वाट बघत बसेल.

उंबरठा
कथेच्या सुरुवातीला ‘राहत होता’च लिहावं, मान्य. पण कोशातला पहिला अर्थ आणि वाक्यातला अनुवाद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि मराठी ‘बसणे’ एवढं खुर्चीला चिकटलेलं आहे का? कचेरीत विचारतात, ‘साहेब कुठे बसतात?’ साहेब त्या क्षणी उभे असले तरी उत्तर ‘दुसऱ्या मजल्यावर’ असंच येतं. ‘दुकानावर कोण बसतं?’, ‘ती भाजीवाली चौकात बसते.’ बसण्यातून ‘नेहमीची जागा’ हा अर्थ आपल्याकडेही निघतोच. करुकने तो आणखी एक पायरी पुढे नेला, घरापर्यंत.

पाणिनीचा शेजारी
दोघांनाही एक सावधगिरीची सूचना, कारण पुढचा प्रतिसाद काय येणार ते दिसतंय. ‘बसणे आणि वसणे मुळात एकच, म्हणून करुकसारखंच’ असं कुणी लिहू नये. ‘बसणे’ हे जुन्या मराठीतल्या ‘बैसणे’वरून आलं, ते संस्कृत उपविश्‌वरून. ‘वसणे’, ‘वस्ती’ हे वस् धातूवरून. आज ते सारखे ऐकू येतात एवढंच.

तसंच ‘बसकर’ (बसायला अंथरतात ते लहान आसन) आणि ‘इक्रिव्‌किर’ यांची रचना गमतीदार जुळते: बसणे अधिक कर, बसणे अधिक किर. हा निव्वळ योगायोग. ‘इक्रिव्‌राम’मधल्या रामाबद्दल तर बोलूच नका.

माजघर
व्याकरणावर भांडताय, पण घर कसं होतं ते बघा, म्हणजे निम्मा वाद मिटेल.

जुनं करुक घर फळ्यांचं, अर्धं जमिनीत. फळीत कोरलेल्या गोल भोकातून आत शिरायचं, मध्ये खोल खड्डा, त्यात चूल, कडेने वरच्या पातळीवर सामान. स्वयंपाक, जेवण, गप्पा सगळं खड्ड्यात, चुलीभोवती. पुरुष मात्र झोपायला तिथे नसत. ते घामघरात (घाम काढायला तापवायच्या वेगळ्या घरात) झोपत, त्याला वेगळा शब्द आहे: ‘इक्माहाच्‌राम’. घरात झोपत त्या बायका आणि मुलं.

मराठीत ‘राहणे’ म्हटलं की मुक्काम आला. ‘आज इथेच राहा’ म्हणजे रात्री झोपायला थांब. म्हणून ‘इक्रिव्‌राम = राहण्याची जागा’ लिहिलं तर सगळ्या पुरुषवर्गाला चुकीच्या छपराखाली झोपवलं जातं. ‘जिथे बसून-उठून दिवस जातो ती जागा’ हे त्या इमारतीला जास्त शोभतं. उठबस हा शब्द आठवा.

आणि ‘इक्रिव्‌किर’ला ‘खुर्ची’ हा पहिला प्रतिशब्द अजिबात नको. पाठ नाही, हात नाहीत, चार पायही नाहीत. लाकडाचा ठेंगणा ठोकळा तो. ‘पाट’ म्हटलं तर फार सपाट, ‘चौरंग’ म्हटलं की पूजा आठवते, तिवईला तीन पाय लागतात. ‘लाकडी बैठं आसन’ असं वर्णनच द्यावं. आजच्या खुर्चीसाठी शब्द वापरला तर तो दुसरा अर्थ म्हणून.

तळटीप
घामघराचा मुद्दा वजनदार आहे, पण तो उलटा फिरतो. घरात झोपणाऱ्या बायका-मुलांचं काय? त्यांच्यापुरतं ते मुक्कामाचंच ठिकाण. आणि ‘दिवस जातो ती जागा’ हे मराठी ‘बसणे’नेही भागत नाही. ‘तो घरी बसतो’ म्हणजे आपल्याकडे बेकार असतो. तुमचा पहिला अर्थ वाचून कुणी वाक्य केलं तर अख्खं गाव बेकार ठरेल.

‘अराराहि’वर मात्र अजून कुणीच उत्तर दिलेलं नाही, हेही नोंदवतो.

उंबरठा
उत्तर असं: एकाच अर्थाच्या खणात वेगळ्या उगमाचे धातू बसतात, म्हणून उगम एक होत नाही. आपलं ‘जातो’ आणि ‘गेला’ घ्या. ‘गेला’चं मूळ गम्, ‘जातो’चं या. एकावरून दुसऱ्याचा मूळ अर्थ काढता येत नाही. ‘अराराहि’त बसणं नाही म्हणून ‘इक्रिव्’मध्येही नाही, हा तर्क टिकत नाही. खणाचा समान अर्थ ‘राहणे’ आहे, इतकंच सिद्ध होतं.

तळटीप
इतकंच मला हवं होतं.

पाणिनीचा शेजारी
तुम्ही भांडा, तोवर लेखनाचं बघू. कारण यादी वापरणाऱ्याची पहिली ठेच अर्थाला नाही, शब्द सापडण्यालाच लागते. मजकुरात ‘उक्री’ दिसतं. ‘उ’खाली शोधलं तर काही मिळत नाही. कारण ‘उ-’ म्हणजे तो, ती, ते (करुकला लिंगभेद नाही). तो धातूच्या सुरुवातीचा ‘इ’ गिळतो, आणि शब्दाच्या शेवटी ‘व्’ गळून स्वर लांबतो. मागे चालू क्रियेचा ‘-तिह्’ आला की ‘व्’ परत उगवतो: उक्रीव्‌तिह्. तेव्हा आधी ‘उ’ काढा, ‘इ’ लावा, शेवटी दीर्घ ‘री’ असेल तर ‘रिव्’ करून बघा, मग शोधा.

टंकताना ‘व्’ आणि ‘र’ यांच्या मध्ये जोडाक्षर तोडणारं चिन्ह घाला, नाहीतर ‘इक्रिव्राम’ होतं आणि धातू-प्रत्ययाची शिवण दिसेनाशी होते. स्वराघाताची खूण आपल्या नेहमीच्या लेखनात नाही. नोंदीत एकदा शब्दांत सांगावं: ‘इक्रिव्‌राम’मध्ये आवाज ‘क्रिव्’वर चढतो.

माजघर
मग नोंद अशी ठेवू या:
इक्रिव् (कर्ता एक): १. बसणे, बसलेलं असणे. २. एखाद्या ठिकाणी असणे, राहणे. दोघांसाठी ‘ईन्’, अनेकांसाठी ‘अराराहि’ पाहा. साधित: इक्रिव्‌किर, लाकडी बैठं आसन, इक्रिव्‌राम, घर.

तळटीप
१ आणि २ ची अदलाबदल करा, माझी सही घ्या.

उंबरठा
मग ‘इक्रिव्‌किर’ची नोंद तुम्ही लिहा, आणि ‘राहणे’वरून स्टुलापर्यंत कसे पोचता ते त्यात दाखवा.