चालताना पोटऱ्या भरून येतात. आहाराने फरक पडेल का?

प्रश्न
माझ्या वडिलांचे वय ६४ असून त्यांचे किराणा मालाचे दुकान आहे. काही महिन्यांपासून चढ चढताना त्यांच्या पोटऱ्या भरून येतात आणि दोन मिनिटे थांबले की बरे वाटते. त्यांना मधुमेह आहे व ते दिवसातून दोनदा मिश्री लावतात. नातेवाईक अनशापोटी लसूण आणि बिटाचा रस सुचवतात. एवढ्याने पायांचा रक्तप्रवाह सुधारेल का?

उत्तर १
चालताना सुरू होणारी आणि थांबताच ओसरणारी पोटरीची वेदना पायांच्या रोहिण्या (हृदयाकडून रक्त नेणाऱ्या वाहिन्या) अरुंद झाल्याचे लक्षण असू शकते, म्हणून आधी डॉक्टरांना दाखवा. घोट्याजवळचा रक्तदाब दंडाच्या रक्तदाबाशी ताडून पाहतात आणि हे गुणोत्तर ०.९ किंवा त्याहून कमी आल्यास शंका बळावते. मधुमेहात रोहिण्या कडक झाल्यास हा आकडा फसवा येतो, तेव्हा डॉप्लर तपासणीबद्दलही (ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह पाहण्याची तपासणी) विचारा.

उत्तर २
आहाराच्या आधी मिश्री सुटली पाहिजे, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिच्यातले निकोटीन हिरड्यांवाटे रक्तात जाते आणि रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. धूर निघत नाही म्हणून आपल्या घरांत तिला कोणी व्यसन मानत नाही, हीच खरी अडचण आहे.

उत्तर ३
बिटातील नायट्रेटपासून शरीरात नायट्रिक ऑक्साइड तयार होते व त्याने रक्तवाहिन्या सैलावतात, परंतु रोहिणीत साचलेला चरबीचा थर त्यामुळे निघत नाही. रसात चोथा जातो आणि साखर उरते, त्यामुळे मधुमेह्याने कोशिंबीर खावी. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, जवसाची चटणी आणि चालत असेल तर बांगडा हा आहार उत्तम. लोणचे-पापड धरून दिवसभराचे मीठ ५ ग्रॅमच्या आत ठेवावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास रोज लसूण घेण्याआधी डॉक्टरांना विचारावे. त्यांनी परवानगी दिली, तर वेदना वाढेपर्यंत चालणे, थांबणे आणि पुन्हा चालणे, असा सुमारे अर्ध्या तासाचा क्रम आठवड्यातून किमान तीनदा ठेवल्यास काही महिन्यांत चालण्याची मजल वाढते.

प्रश्नकर्ता
मनापासून आभार. ते रात्री गरम पाण्यात पाय बुडवून बसतात, ते चालेल का?

उत्तर १
कृपया ते लगेच थांबवा. मधुमेहात तळपायाची संवेदना कमी झालेली असली, तर चटका कळत नाही आणि रक्तपुरवठा अपुरा असलेल्या पायावरची जखम लवकर भरत नाही. रोज रात्री तळवे आणि बोटांच्या बेचक्या उजेडात पाहा.