‘फलन’ एका शब्दात भागेल का? शुक्राणू आणि स्त्रीबीज यांच्या भेटीचे शब्द

दांडियाबाजारकर: बडोद्यातल्या मराठी वाचकांसाठी वंध्यत्वावरची एक माहितीपत्रिका गुजरातीतून मराठीत आणायची आहे. त्यात ‘अंडकोष’ आहे, तो तसाच ठेवावा का? शिवाय शुक्राणू बीजाला ओळखतो, चिकटतो, त्यात मिसळतो, या सगळ्याला ‘फलन’ एवढा एकच शब्द वापरला आहे. मराठीत चालेल?

रावपुरेकर: ‘अंडकोष’ मुळीच ठेवू नका. गुजरातीत कोष म्हणजे पेशी, म्हणून तिथे अंडकोष म्हणजे स्त्रीबीज. मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे मात्र वृषणाची पिशवी येते, आणि वाक्य तर बाईच्या तपासणीबद्दल असतं. उलट गुजरातीतली ‘पेशी’ म्हणजे आपली ऊती. गुजराती माध्यमात शिकलेल्या मराठी मुलांना हा अडथळा नेहमीचा. ‘स्त्रीबीज’ लिहा, आजीलाही कळेल. ‘शुक्रजंतू’ही टाळा. संस्कृतात जंतू म्हणजे नुसता जीव, पण आज जंतू म्हटलं की लागण आठवते. ‘शुक्राणू’ स्वच्छ आहे.

काचपट्टी: फलन हे सगळ्या क्रियेचं नाव झालं. आतल्या पायऱ्यांना वेगळे शब्द हवेतच, कारण बिघाड पायरीनुसार वेगळा असतो.

स्त्रीबीज साधारण 0.1 मिलिमीटरचं, शुक्राणूचं डोकं जेमतेम 5 मायक्रॉन लांब. बीजाभोवती झोना पेल्युसिडा हे प्रथिनांचं पारदर्शक वेष्टन असतं. ‘कवच’ म्हणू नये, कोंबडीच्या अंड्याचं टरफल डोक्यात येतं. हे जेलीसारखं असतं. माणसात ते झेडपी1 ते झेडपी4 या चार प्रथिनांचं बनतं. शुक्राणू आधी या वेष्टनाला चिकटतो. डोक्यावरची टोपीसारखी पिशवी, अ‍ॅक्रोसोम, फुटलेला शुक्राणूच वेष्टन भेदून आत जातो आणि बीजाच्या पटलाला, म्हणजे पेशीच्या पातळ पापुद्र्याला, भिडतो. तिथे शुक्राणूवरचं इझुमो1 आणि बीजावरचं जुनो या दोन प्रथिनांची गाठ पडते, मग दोन्ही पटलं एकजीव होतात. इझुमो1 पिशवी फुटल्यावरच उघडं पडतं. त्याआधी शुक्राणू पटलाशी पोचला तरी उपयोग नाही.

नावंही शब्दचर्चेत घेण्यासारखी आहेत. इझुमो हे जपानमधलं लग्नगाठींचं देवस्थान. प्रथिन 2005 मध्ये सापडलं. जुनो ही रोमन विवाहदेवता. ती जोडी 2014 मध्ये जुळली.

दांडियाबाजारकर: मग ‘ओळख’ नक्की कुठे होते? ‘कुलूप-किल्ली’ लिहिलं तर?

काचपट्टी: एकच कुलूप आहे असा समज होईल, म्हणून नको. प्राणिजातीची पारख मुख्यतः वेष्टनावर होते. माणसाचा शुक्राणू उंदराच्या वेष्टनाला चिकटत नाही, पण त्याच वेष्टनात माणसाचं झेडपी2 घातलं की चिकटतो. हॅमस्टरच्या बीजाचं वेष्टन काढून टाकलं, तर माणसाचा शुक्राणू त्या उघड्या बीजात शिरतो. आतलं दार, म्हणजे पटल, इतकं चोखंदळ नाही.

पहिला शुक्राणू आत गेला की बीजातून ओव्हास्टॅसिन हे विकर बाहेर पडतं आणि झेडपी2 कापतं. वेष्टनावर नवे शुक्राणू चिकटेनासे होतात. जुनोही पटलावरून अर्ध्या-पाऊण तासात गळून जातं. ही अडवणूक फसली आणि दोन शुक्राणू शिरले, तर दुसऱ्या दिवशी दोनाऐवजी तीन केंद्रकं दिसतात. असा भ्रूण गर्भाशयात सोडत नाहीत.

रावपुरेकर: ‘कॅपॅसिटेशन’ला, म्हणजे शुक्राणूत फलनाची क्षमता येण्याला, ‘पक्वता’ लिहिलेलं आढळतं, तेही चूक. पक्वता अधिवृषणात, म्हणजे वृषणाला लागून असलेल्या नळीत येते. हा बदल स्त्रीच्या जननमार्गात काही तास राहिल्यावर होतो, 1951 मध्ये ध्यानात आलेला. ‘समर्थन’ म्हणजे पाठिंबा, ‘सक्षमीकरण’ महिलांच्या योजनांना चिकटलंय. ‘फलनक्षम होणे’ घ्या.

दांडियाबाजारकर: आणि ‘फलन झाले नाही’ हा शेरा?

काचपट्टी: तो अपुरा आहे. काचेच्या बशीत बीज आणि शुक्राणू एकत्र ठेवून 16 ते 18 तासांनी बघतात. वेष्टनावर शुक्राणूच नसतील तर ‘चिकटले नाहीत’. वेष्टन आणि पटल यांच्यामधल्या फटीत अडकले असतील तर ‘आत गेले, पण एकजीव झाले नाहीत’. डोकं गोल आणि अ‍ॅक्रोसोम नसलेल्या शुक्राणूंची गाडी वेष्टनापाशीच अडते. इक्सीत, म्हणजे सुईने एक शुक्राणू थेट बीजात सोडण्याच्या पद्धतीत, या दोन्ही पायऱ्या ओलांडल्या जातात. पण तिथेही बीज जागं झालं नाही, म्हणजे त्याची पुढची वाढ सुरू झाली नाही, तर फलन होत नाही. म्हणून पत्रिकेत असं घाला: ‘शुक्राणू बीजाच्या वेष्टनाला चिकटतो, ते भेदून आत जातो, बीजाच्या पटलाशी एकजीव होतो आणि बीज जागं होतं. या सगळ्याला मिळून फलन म्हणतात. तुमच्या बाबतीत यातली कोणती पायरी अडली, हे डॉक्टरांना विचारा.’