गेटच्या कॅमेऱ्याचं फुटेज द्यायचं का?

सचिव (ए-२०१): नमस्कार. आपल्या वॉचमनमामांच्या मुलाला मंगळवारी रात्री गेटवरून पोलिसांनी गाडीत घालून नेलं, बुधवारी दुपारी सोडलं, हे सगळ्यांना कळलं असेलच. बी-३०४ च्या वकीलताईंनी त्या वेळेचं गेटचं फुटेज लेखी अर्ज देऊन मागितलंय. कमिटीतले दोघं नको म्हणतात. डीव्हीआरमध्ये (कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरमध्ये) १५ दिवसांचंच राहतं, त्यामुळे आज ठरवायला हवं.

सी-४०२: पोलिसांच्या भानगडीत सोसायटीनं कशाला पडायचं? उद्या आपल्याकडं चोरी झाली तर त्यांच्याच दारात जायचंय.

ए-३०१ वहिनी: पोरगं कसं आहे आता?

वकीलताई (बी-३०४): तळपाय सुजलेत, भिंतीला धरून चालतोय. सिव्हिलला नेऊन तपासणीचा कागद केलाय. ठाण्याचं नाव कुणी ग्रुपवर लिहू नका, प्लीज.

सी-४०२: पण मोबाइल चोरीचा संशय होता म्हणे.

वकीलताई (बी-३०४): काका, संशय असेल तर अटक करावी, पंचनामा करावा, २४ तासांत न्यायाधीशांपुढं उभं करावं. घटनेच्या कलम २२ मध्येच आहे ते. नुसतं चौकशीला बोलवायचं असेल तर नोटीस द्यायची. इथं यातलं काहीच झालं नाही. आम्ही विचारलं तर उत्तर मिळालं की तो बुधवारी सकाळी ११ वाजता स्वतःहून आला होता. मामा म्हणतात, मंगळवारी रात्री साडेनऊ-पावणेदहाला नेलं. मधले तेरा तास तो कुठं होता, एवढाच माझा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर आपल्या कॅमेऱ्यात आहे.

ए-३०१ वहिनी: द्या हो फुटेज. मामा आपल्या पोरांना शाळेच्या रिक्षात बसवतात रोज.

बी-३०४ अण्णा: मी वकीलताईचा बाप म्हणून लिहितोय. जरा लांबेल.
आमची पोर आधी खरेदीखतं, सर्च रिपोर्ट करायची. महिन्याला ठरलेले पैसे यायचे. नोव्हेंबर २०१७ मध्ये आपल्याच सांगलीत एका तरुणाचा पोलीस कोठडीत जीव गेला. आधी सांगितलं की तो पळून गेला, आणि मृतदेह सापडला आंबोलीत, जाळलेला. पोलिसांनाच अटक झाली होती. ते पेपरात आलं तेव्हापासून ही बदलली. लोकांना वाटतं असली वकिली म्हणजे कोर्टात गरजणं. मी इतकी वर्षं घरात बघतोय, हे सगळं काम घड्याळाचं आणि कागदाचं आहे. तिच्या बॅगेत मोजपट्टी असते, वळाच्या शेजारी धरून फोटो काढायला. फोटो तीन दिवस लागोपाठ काढते, कारण वळ पहिल्या दिवशी लाल दिसतो, नंतर काळानिळा पडतो, आणि तेवढ्यावरून मार कधीचा ते डॉक्टरला सांगता येतं. अटकेच्या मेमोवर वेळ आहे का, घरच्यांना कळवलं का, ४८ तासांनी पुन्हा तपासणी झाली का, हे ती ओळ न् ओळ बघते. हे नियम सुप्रीम कोर्टानं १९९६ च्या डी. के. बसू निकालात घालून दिले. बसू हे बंगालमध्ये कायदा मदतीचं काम करायचे. कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्या वाचून त्यांनी १९८६ मध्ये सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं, त्याचीच याचिका झाली. निकालाला दहा वर्षं लागली.
साक्षीदार फिरतात, घरचेच घाबरून तडजोड करतात, वर्षभराची मेहनत जाते. फी तर बऱ्याचदा नसतेच. रात्री फोन वाजला की हिची आई उठून देवापुढं बसते. मला भीती वाटते. पण तिला थांब म्हणायचं धाडस मला होत नाही.

ए-१०२ मास्तर: अण्णा, सासवडचे तारकुंडे आठवले. हायकोर्टाचे न्यायाधीश असताना १९६९ मध्ये पद सोडलं आणि पुढं नागरी हक्कांसाठी उभे राहिले. आंध्रातल्या पोलीस चकमकींची चौकशी करणारी समिती १९७७ मध्ये त्यांच्याच अध्यक्षतेखाली होती. ही आपल्याकडचीच परंपरा आहे.

सी-१०३ (निवृत्त हवालदार): मी ३१ वर्षं खाकी घातली. वरून रोज विचारणा असते, गुन्हा उघड झाला का. माणसं कमी, रात्रपाळी संपत नाही. हे कुणी लिहीत नाही म्हणून लिहिलं. पण पोलिसापुढं दिलेला कबुलीजबाब कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही, हे शिपायालाही ठाऊक असतं. पोराचे पाय मी काल बघून आलो. ताई, फक्त फुटेजवर थांबू नका. स्टेशन डायरी आणि त्या रात्रीचं गाडीचं लॉगबुक मागा. गाडी ठाण्यातून किती वाजता निघाली, किती किलोमीटर फिरली, सगळं त्यात असतं.

वकीलताई (बी-३०४): काका, लॉगबुक माझ्या डोक्यातच नव्हतं. उद्याच्या अर्जात घालते. ठाण्यातल्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग राखून ठेवा असाही अर्ज देतेय. सुप्रीम कोर्टाच्या डिसेंबर २०२० च्या निकालाप्रमाणं ते किमान वर्षभर ठेवायचं असतं, पण लेखी मागणी लवकर गेलेली बरी. दाद लागली नाही तर हायकोर्टात रिट याचिका. पूर्वी त्यासाठी महालक्ष्मीनं रात्रभर मुंबईला जावं लागायचं. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच हायकोर्टाचं सर्किट बेंच आहे, सकाळी जाऊन संध्याकाळी घरी.

सचिव (ए-२०१): माझी अडचण वेगळी आहे. फुटेजसोबत मला प्रमाणपत्रावर सही करायचीय. उद्या कोर्टात मलाच बोलावतील?

वकीलताई (बी-३०४): बोलावू शकतात काका, खोटं कशाला सांगू. साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र आहे. कॅमेरा तुमच्या देखरेखीखाली असतो आणि नीट चालू होता, एवढंच तुम्ही लिहून द्यायचं. तांत्रिक भागावर तज्ज्ञाची वेगळी सही असते. ठाण्यात काय घडलं त्याबद्दल एक शब्द नाही.

सचिव (ए-२०१): आत्ता फुटेज बघितलं. गाडी ९:४० ला आलेली दिसते. पण डीव्हीआरचं घड्याळ ७ मिनिटं पुढं आहे.

वकीलताई (बी-३०४): मग ते लिहाच. खरी वेळ ९:३३. आपण लपवलं आणि समोरच्या वकिलानं काढलं, तर सगळंच खोटं ठरवतील. घड्याळ आता दुरुस्त करू नका, आहे तसं राहू दे.

सी-४०२: सोसायटीचं नाव पेपरात येणार नाही ना?

सी-१०३: येऊ दे की. खरं दाखवलं म्हणूनच येईल.

सी-४०२: ठीक. माझी हरकत नाही.

सचिव (ए-२०१): दोन पेनड्राइव्हवर काढतोय, एक कमिटीकडं. आणि मामा इथं खाली विचारतायत, पोराचा मोबाइल अजून तिकडंच आहे, तो कधी मिळेल?

वकीलताई (बी-३०४): फोन घेतला? पावती दिली होती का?

सचिव (ए-२०१): नाही म्हणतात. रात्रीच काढून घेतला, गाडीत बसवतानाच. चालू होता.

वकीलताई (बी-३०४): म्हणजे जप्तीचा पंचनामाही नाही, आणि रात्रभर तो कुठल्या टॉवरखाली होता ते कोर्टामार्फत मागवता येईल. काका, मामांना वर पाठवा. मी कागद घेऊन बसते.