मदत हवी आहे: डुकराची किडनी आणि त्यातले विषाणू

नमस्कार मंडळी,

माझा धाकटा भाऊ चार वर्षं डायलिसिसवर आहे. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास. त्याच्या हातावरच्या फिस्चुलावर (डायलिसिससाठी शीर आणि धमनी जोडून केलेल्या जागेवर) बोटं ठेवली की आतली थरथर लागते. आई रोज रात्री तो झोपल्यावर तिथे हात ठेवते, थरथर लागली की मगच झोपायला जाते. तिचा किंवा माझा रक्तगट जुळत नाही.

जनुकं बदललेल्या डुकराची किडनी माणसांना बसवायला लागल्यापासून भाऊ म्हणतो, "ट्रायलमध्ये जागा मिळाली तर मी नाव देणार." मला रिजेक्शनपेक्षा, म्हणजे शरीराने किडनी नाकारण्यापेक्षा, विषाणूंची धास्ती जास्त आहे. २०२२ साली बाल्टिमोरमध्ये डुकराचं हृदय बसवलेले गृहस्थ दोन महिन्यांनी गेले आणि त्या हृदयात डुकराचा सायटोमेगॅलोव्हायरस सापडला. डुक्कर तर आधी तपासलेलं होतं, मग तो निसटला कसा? आणि माझी दोन लहान मुलं काकाच्या अंगाखांद्यावर असतात, त्यांना काही होईल का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

विषाणूंच्या प्रयोगशाळेत काम करते, म्हणून लिहिते. निसटला कारण हा लपून बसणारा विषाणू आहे. डुकराच्या नाकातल्या स्वॅबमध्ये तो नव्हता, नंतर त्याच डुकराच्या प्लीहेत सापडला. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी विषाणू नसांमध्ये पडून राहतो आणि पुढे कधीतरी नागीण उठते ना, हा त्याच कुळातला. म्हणून नुसता विषाणू शोधून भागत नाही, अँटिबॉडीही (विषाणूविरुद्ध शरीर बनवतं ती प्रथिनं) बघाव्या लागतात. त्यातही मेख अशी की पिल्लाला आईच्या चिकातून अँटिबॉडी मिळतात, त्यामुळे पिल्लू किती दिवसांचं होतं हे कळल्याशिवाय रिपोर्टचा अर्थ लागत नाही.

या विषाणूची माणसाच्या पेशींना लागण होते असा पुरावा नाही. पण तो बसवलेल्या अवयवाची वाट लावतो. बबून माकडांमध्ये बसवलेली, विषाणू असलेली डुकराची हृदयं महिनाभरही टिकली नाहीत, नसलेली १९५ दिवसांपर्यंत चालली. पिल्लं जन्मताच आईपासून वेगळी वाढवली तर कळप यातून मुक्त करता येतो.

दुसरा विषाणू डुकराच्या डीएनएमध्येच बसलेला आहे, पीईआरव्ही. डुक्कर कितीही स्वच्छ गोठ्यात वाढवलं तरी तो जात नाही. प्रयोगशाळेत तो माणसाच्या पेशींत शिरतो हे १९९७ साली दिसलं, तेव्हा सगळेच हादरले होते. पण १९९९ साली डुकराच्या जिवंत पेशींशी संबंध आलेले १६० रुग्ण तपासले, एकातही लागण सापडली नाही. २०२४ साली बॉस्टनमध्ये बसवलेल्या किडनीच्या डुकरात ६९ जनुकीय बदल होते, त्यांतले ५९ फक्त हा विषाणू निकामी करण्यासाठी.

माझी स्वतःची काळजी तिसरीच आहे: हिपॅटायटिस ई. तो डुकरातून माणसात खरोखर येतो, आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असली तर यकृतात ठाण मांडतो. त्याची चाचणी होते का, हे नक्की विचारा.

प्रतिसाद २

ताईंनी छान समजावलंय. एवढंच जोडतो, माणसाच्या अवयवातूनही रोग जातात. २००४ साली अमेरिकेत एकाच दात्याच्या अवयवांतून रेबीज गेला होता. डुकराच्या बाबतीत निदान महिनोन्‌महिने तपासायला वेळ तरी मिळतो.

प्रतिसाद १ (पुन्हा)

मुलांबद्दल लिहायचं राहिलं. आजवर अशा रुग्णाकडून घरच्यांना डुकराचा विषाणू लागल्याचं दिसलेलं नाही. तरी अमेरिकेच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये रुग्णाची आयुष्यभर तपासणी आहे, किडनी काढून टाकली तरीही. रुग्णाने आणि त्याच्या अगदी निकटच्या माणसांनी रक्तदान करायचं नाही.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. भावाला सगळं वाचून दाखवलं. आयुष्यभराच्या तपासणीवर तो काहीच बोलला नाही. शेवटी म्हणाला, "दादा, म्हणजे तुलाही रक्त देता येणार नाही?" मी गेली पंधरा वर्षं नेमाने देतोय, त्याला माहीत आहे. म्हटलं, नाही देणार.

हिपॅटायटिस ई, अँटिबॉडी, पिल्लाचं वय, तिन्ही प्रश्न वहीत लिहून ठेवलेत. आणखी एक विचारतो. संमतीपत्रावर सही भाऊ करेल. पण तपासणी आणि बंधनं घरच्यांनाही लागणार असतील तर आमच्याशी वेगळं बोलतात का? आणि मुलांच्या वतीने कोणी ठरवायचं?