दूध हळू वाढवण्याबद्दल
'अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं दूध जितकं हळू वाढवाल तितकी एनईसीची (आतड्याला सूज येऊन त्याचा भाग मरण्याचा गंभीर आजार) भीती कमी' असं काहीजण म्हणतात. वाटतं खरं तसं, पण तपासल्यावर ते टिकलं नाही. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या सिफ्ट चाचणीत सुमारे 2800 बाळं होती. काहींचं दूध रोज किलोमागे 18 मिली वाढवलं, काहींचं 30 मिली. एनईसीच्या प्रमाणात म्हणावा असा फरक पडला नाही. उलट हळूवाल्यांना पूर्ण दुधावर यायला साधारण तीन दिवस जास्त लागले, म्हणजे तितके दिवस शिरेतून पोषण चालू, आणि त्या नळीतून जंतुसंसर्गाचा धोका असतोच. किती वेगाने यापेक्षा कुठलं दूध, हे जास्त महत्त्वाचं. आईच्या दुधावरच्या बाळांत हा आजार कमी दिसतो, हे बऱ्यापैकी पक्कं आहे.

आमची लेक 29व्या आठवड्यातली. पहिल्या दिवशी मला जेमतेम अर्धा मिली चीक निघाला, सिरिंजच्या टोकाला पिवळट थेंब. एवढ्याशाचं काय करणार म्हणून टाकायला निघाले होते, तर सिस्टर जवळजवळ ओरडल्याच. तोच थेंब तिच्या गालाच्या आतून फिरवला त्यांनी.