रशियन 'आ' म्हणजे 'आणि' नव्हे, तर...

व्यंजनान्त
रशियनमध्ये 'आ' हे दोन वाक्यं जोडणारं अव्यय, 'आणि' नि 'पण' यांच्या मधलं. काल इथं 'मूळपुरुष' यांनी लिहिलं, "रशियन 'आ' हे आपल्या 'आणि'चंच झिजलेलं रूप. संस्कृत तिकडे पोचल्याचा आणखी काय पुरावा हवा?" खाली 'अभिमान वाटतो'ची रांग लागली. म्हणून हे लांबण.

'आणि', 'आणिक', 'आणखी' ही मंडळी 'अन्य'च्या घरची. हिंदी 'और' आला 'अपर'वरून. स्लाव्हिक (रशियन, चेक, पोलिश वगैरे भाषांचं घराणं) 'आ'चा या दोघांशी संबंध नाही. त्याचं नातं वैदिक 'आत्'शी आहे: 'मग, त्यानंतर'. ही मुळात 'अ' या सर्वनामाची पंचमी. ऋग्वेद १.६.४ उघडा, 'आदह स्वधामनु' असं सुरू होतं, तोच हा 'आत्'. लिथुआनियनमध्ये त्याचा भाऊ 'ओ'.

मग 'त्' कुठं गेला? स्लाव्हिकनं एका टप्प्यावर शब्दाच्या शेवटची व्यंजनं सरसकट टाकून दिली. पडताळा हवा तर लांडगा घ्या. संस्कृत 'वृकात्', रशियन 'वोल्का', लिथुआनियन 'विल्को'. तिकडे जुन्या पंचमीनं षष्ठीचं कामही उचललं, म्हणून त्यांचा अर्थ 'लांडग्याचा'. आता शेवट बघा: -आत्, -आ, -ओ. आणि आपली अव्ययं: आत्, आ, ओ. एकच बदल दोन वेगळ्या जागी सारखाच घडलेला दिसतो, याला पुरावा म्हणतात. आद्याक्षर जुळलं याला नाही.

मूळपुरुष
म्हणजे 'आणि' नाही तर 'आत्'. सापडला कुठं? ऋग्वेदात. फिरून फिरून भोपळे चौकात!

व्यंजनान्त
सापडला ऋग्वेदात, जन्मला त्याच्या आधी. संस्कृतात दोघींच्या सामायिक पूर्वजभाषेतले जुने ऱ्हस्व अ, ए, ओ हे तिन्ही एका 'अ'त विरघळले. स्लाव्हिकमध्ये 'ए' शाबूत आहे: आपलं 'भरामि', त्यांचं 'बेरू'. विरघळलेल्या साखरेचे पुन्हा खडे होत नाहीत. तेव्हा स्लाव्हिक संस्कृतातून निघालेली नाही, दोघी सख्ख्या नाही तरी चुलत बहिणी.

ट्राम२२
सगळं खरं, पण स्लाव्हिक म्हणजे रशियन हे कोणी ठरवलं? दरवेळी तेच. चेक आणि स्लोव्हाकमध्ये 'आ' म्हणजे सरळ 'आणि'च. मीठ आ मिरी. जुन्या चेकमध्ये 'इ'सुद्धा हे काम करायचा, पुढे 'आ'नं त्याला हुसकावलं आणि आज चेक 'इ' म्हणजे बहुधा 'सुद्धा'. रशियनमध्ये 'आणि' म्हणजे 'इ', म्हणून रशियन शिकून प्रागला गेलेला माणूस इथंच आपटतो. प्रत्येक 'आणि'ला 'इ' लावतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं हा 'मिरीसुद्धा!' म्हणून ठासून सांगतोय.

चेकमध्ये हा 'आ' जागोजागी दडलेला आहे: 'आबि' (म्हणून, यासाठी की), 'आले' (पण, आलं नव्हे), 'आनो' (आ + ओनो, अर्थ 'हो'). आणि मूळपुरुषांसाठी खास: चेक 'आनि'. ऐकायला थेट आपला 'आणि', अर्थ 'हेही नाही नि तेही नाही'. कानावर विश्वास ठेवला की असं होतं.

स्वल्पविरामही वेगळा. रशियनमध्ये दोन वाक्यं जोडणाऱ्या 'आ'च्या आधी तो हवाच. चेकमध्ये नुसती बेरीज असेल तर नको. 'आ प्रोतो' (आणि म्हणून) असं कारण जोडलं की हवा.

जातं
पोलिश मधल्यामध्ये अडकलेली आहे. तिथं 'इ' बेरजेचा, 'आ' तुलनेचा, रशियनसारखाच. पण 'वॉर्सा आणि क्राकूव्हच्या दरम्यान' म्हणताना मध्ये 'आ'च येतो, तोही स्वल्पविरामाशिवाय. रशियनमध्ये तिथं 'इ'.

शिवाय पोलिशमधलं लिहिलेलं सर्वात जुनं वाक्यच 'आ'वर उभं आहे. हेन्रिकूव्हच्या मठाचं लॅटिन दप्तर, साधारण १२७०. बोगुख्वाव नावाचा चेक माणूस दळणाऱ्या बायकोला म्हणतो: 'दाय, उत् या पोब्रुसा, आ ती पोचिवाय.' दे, मी दळतो, तू विसावा घे. (त्यातला 'उत्' लॅटिन लिहिणाऱ्याच्या हातचा, अभ्यासक तिथं 'आच' वाचतात, म्हणजे तिथंही 'आ' डोकावतोच.) आपल्याकडे जात्यावरच्या ओव्यांचे ढीग आहेत. 'सर बाजूला, मी दळतो' म्हणणारा नवरा त्यात शोधून दाखवा.

भूर्जपत्र
नवऱ्याचं राहू द्या, भाषांतरात 'आ' गाळलात ते बघा. साधा नियम आहे: 'आ' म्हणजे मराठी 'तर'. 'माशा डॉक्टर आहे, तर इवान शिक्षक.' 'इवान नव्हे, तर प्योत्र.' दोन्हीकडे रशियनमध्ये 'आ'. इतका चपखल शब्द हाताशी असताना लोक 'आणि'-'पण'मध्ये का घुटमळतात कळत नाही.

जातं
मग लावा तो चपखल शब्द. 'मी दळतो, तर तू विसावा घे.' झाली ना अट? आज्ञार्थ आला की 'तर' कोलमडतो. इथं 'नि' हवं: 'मी दळतो नि तू विसावा घे.'

भूर्जपत्र
'नि' लावलंत की बेरीज झाली. 'तू आपली विसावा घे' म्हणा. मराठीत विरोध 'आपली'त बसतो, अव्ययात नाही.

जातं
मग तुमचा 'साधा नियम' कुठं गेला? दोन प्रतिसादांत 'तर'वरून 'आपली'वर आलात.

ट्राम२२
प्रश्नातही 'तर' चालत नाही. 'मी चहा घेतो. आ ती?' याचं 'तर तू?' करून बघा. लोक तोंडाकडे बघतील.

भूर्जपत्र
ठीक. 'तर' विधानांपुरता. घ्या, लेखी देतो.

पण कसोटी तरी नीट लावा. दोघांबद्दल एकच गोष्ट सांगायची: 'इ'. कर्ता बदलला, नजर दुसरीकडे वळवायची: 'आ'. अपेक्षा मोडली: 'नो'. खरी गफलत शेवटच्या दोघांत होते. 'पाऊस पडतोय, नो आम्ही फिरतोय' म्हणजे पाऊस असूनही. 'पाऊस पडतोय, आ आम्ही फिरतोय' म्हणजे दोन चित्रं शेजारी ठेवली, आश्चर्य तुमचं तुम्ही करा. मराठीत ते 'अन्'च्या सुरात येतं: 'पाऊस पडतोय अन् हे फिरतायत!'

'नव्हे, तर'वाला उपयोगही सगळीकडे नाही. रशियन, बल्गेरियनमध्ये 'आ', सर्बियनमध्ये तिथं 'नेगो' किंवा 'वेच', चेकमध्ये 'आले'.

आणि व्यंजनान्त, तुमचा 'मग' अर्थ वेदात शोधायची गरज नाही. रशियातल्या नोवगोरोदला १९५१ पासून सापडत आलेली भूर्जपत्रं वाचा, नवा मुद्दा काढला की 'आ'. १४९७ च्या 'सुदेब्निक' या कायदेसंहितेत कलमामागून कलम 'आ'नं उघडतं. तिथं विरोध कसला? नुसतं 'आता पुढचं'.

व्यंजनान्त
गरज नाही कशी? भूर्जपत्रं 'मग' हा अर्थ दाखवतील, हरवलेला 'त्' नाही दाखवणार. बाकी मान्य, आणि ते मी लिहायला हवं होतं. पण धागा उगमाचा होता, तुम्ही त्यावर दळण घातलंत.

मूळपुरुष
सगळं वाचलं. चेकमध्ये 'आ' म्हणजे 'आणि'. 'आ ती?' म्हणजे 'आणि तू?' पावसातही शेवटी 'अन्'च आला. मी काल वेगळं काय म्हटलं होतं?

व्यंजनान्त
अर्थापुरते जिंकलात, पेढे वाटा. 'झिजलेलं रूप' तेवढं मागे घ्या.

मूळपुरुष
'झिजलेलं' मागे. 'नातं' ठेवतो. चुलत का होईना, तुम्हीच दिलंत. ट्रामवाले, चालेल?

ट्राम२२
आनो.