स्टेल्व्हिओ करा, फक्त शनिवार टाळा

मित्राबरोबर भाड्याच्या बाईकवर आल्प्स, त्यात ऑगस्टमधल्या शनिवारी इटलीतली स्टेल्व्हिओ खिंड? वार तेवढा बदला राव. 2757 मीटरवरच्या त्या खिंडीत सुट्टीच्या दिवशी सायकलवाले, कॅम्परव्हॅन आणि अर्ध्या युरोपातले बाईकवाले एकदमच येऊन धडकतात.

पायथ्याच्या प्रातो गावाच्या बाजूने 48 हेअरपिन, म्हणजे यू-आकाराची वळणं, प्रत्येकाला क्रमांक. आपल्याला खरा घाम फोडतात ती उजवी वळणं. तिथे वाहतूक उजवीकडून, त्यामुळे उजवं वळण आतल्या बाजूने आणि अगदी आखूड मिळतं. पहिला गिअर, अर्धा क्लच, मागच्या ब्रेकवर हलका पाय आणि नजर वळणाच्या वरच्या टोकाला. चाकाकडे पाहिलंत की बाईक आडवी झालीच म्हणून समजा.

आल्या वाटेने परतू नका, उम्ब्राइल खिंडीतून स्वित्झर्लंडमध्ये उतरा. स्विस घाटात पिवळ्या पोस्टबसचा, म्हणजे तिथल्या सार्वजनिक बसचा, तीन सुरांचा हॉर्न ऐकू आला की गुपचूप बाजूला थांबायचं. तिथे मान तिचा.

पुढे असेल त्याने प्रत्येक फाट्यावर थांबायचं, हे मित्राशी घरूनच ठरवा. आणि हो, बाईकच्या कागदावरचा आवाजाचा आकडा बघून घ्या: ऑस्ट्रियात टिरोलच्या रॉयटे भागात 2020 पासून उन्हाळ्यात 95 डेसिबलवरच्या बाईकना काही रस्ते बंद केलेत.